आगीची वर्दी द्यावी कशी?



ज्वारीची मोडणी झाली, कडब्याच्या गंज्या रचल्या गेल्या, गव्हाचे काड रानात पडले, की खेड्यापाड्यांत आगीचे दिवस सुरू होतात. विडीची एखादी ठिणगी, वाऱ्याने एकमेकींना घासणाऱ्या लोंबत्या तारा, नाहीतर बांधावरचे पेटवून दिलेले गवत, एवढे निमित्त पुरते. आग लागू नये म्हणून काय करावे, हे आपण पुष्कळ वेळा वाचले-ऐकले असेल. आज त्याच्या पुढची गोष्ट सांगणार आहे. आग लागली की आपण फोन करतो. तो फोन कोण उचलतो, तो काय विचारतो, का विचारतो आणि आपण त्याला काय सांगायचे, एवढाच आजचा विषय आहे. विषय लहान वाटेल. पण मला तो महागात पडून समजला. म्हणून आधी माझी चूक सांगतो.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. नदीकाठच्या एका गावात उन्हाळी भुईमूग पाहायला गेलो होतो. दुपारची वेळ, डोक्यावर रणरणते ऊन आणि बऱ्यापैकी वारा. पलीकडच्या वस्तीवरून एकदम आरडाओरडा ऐकू आला. पाहतो तो कडब्याची गंजी पेटलेली, आणि वारा नेमका गोठ्याच्या दिशेने. बायामाणसे घागरी-कळश्या घेऊन धावली. मी खिशातला साधा बटणांचा फोन काढला आणि ११२ लावला. पलीकडून आवाज येताच मी ओरडून सांगितले, "गोठ्याला आग लागलीय, लवकर गाडी पाठवा!" गावाचे नाव सांगितले आणि फोन बंद केला. काम झाले असे समजून सरपंचांना, वायरमनला, ओळखीच्या टँकरवाल्याला असे एकामागून एक फोन करत सुटलो.

वाचकहो, त्या नावाची गावे दोन आहेत. नदीच्या अलीकडे बुद्रुक, पलीकडे खुर्द. मी नुसते नाव सांगितले होते. माझा फोन ज्या टॉवरवरून गेला तो टॉवर खुर्दच्या माळावर. फोन घेणाऱ्याने खात्री करण्यासाठी मला तीन वेळा उलट फोन केला. तिन्ही वेळा मी दुसऱ्यांशी बोलत होतो. बंब निघाला तो वेळेवरच निघाला, पण खुर्दला गेला. तिथून त्यांना नदीपलीकडे धूर दिसला. पूल लांब. वळसा घालून बंब आला तेव्हा अर्धा तास वाया गेला होता. बैलांची दावी तोडून पोरांनी बैल बाहेर काढले होते. आतल्या कोपऱ्यातली कालवड मात्र राहिली. गंजी गेली, गोठा गेला, वर्षाची वैरण गेली.

त्या घरच्या आजी मला एका शब्दाने वाईट बोलल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "साहेब, तुम्ही फोन लावलाय म्हणून आमच्यातल्या कुणी लावला नाही."

हे वाक्य मनातून जात नाही. चार पुस्तके शिकलेला माणूस, रोज दहा शेतकऱ्यांना सल्ला देणारा, आणि मला वर्दी देता आली नाही. पुढच्या आठवड्यात मी तालुक्याच्या अग्निशमन केंद्रात जाऊन बसलो. तिथल्या एका जुन्या जवानाने वर्दीची वही काढून मला सगळे समजावून सांगितले. त्याचे एक वाक्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तो म्हणाला, "साहेब, फोनवर आम्ही आंधळे असतो. काठी तुमच्या हातात असते."

फोन कोठे वाजतो?

पुष्कळांची समजूत असते की आपण ११२ लावला की तो आपल्या पोलीस ठाण्यात वाजतो. तसे नाही. महाराष्ट्रात २०२१ पासून पोलीस, आग आणि इतर संकटे यांसाठी ११२ हा एकच क्रमांक सुरू झाला. राज्यातले हे फोन घेणारी मुख्य केंद्रे नवी मुंबई आणि नागपूर येथे आहेत. तिथे बसलेला भाऊ किंवा बहीण आपला फोन घेते, माहिती संगणकावर नोंदवते आणि ती नोंद आपल्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जाते. तिथून जवळची गाडी पाठवली जाते, अग्निशमन केंद्राला खबर दिली जाते. म्हणजे एक माणूस ऐकतो आणि दुसरा गाडी सोडतो.

आता विचार करा. आपण बोलतो आहोत सोलापूर किंवा बीड जिल्ह्यातल्या एखाद्या वस्तीवरून, आणि ऐकणारा बसला आहे नवी मुंबईत. "मारुतीच्या देवळामागे", "पाटलाच्या मळ्याजवळ" या खुणा आपल्या गावात चोख आहेत. पण मारुतीचे देऊळ नसलेले गाव महाराष्ट्रात शोधून सापडायचे नाही! म्हणून पत्ता मोठ्याकडून लहानाकडे सांगावा. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग वाडी-वस्ती आणि सर्वांत शेवटी खूण.

फोन केला की आमचे ठिकाण त्यांना आपोआप कळते, असेही काहीजण म्हणतात. ते अर्धे खरे आहे. चांगल्या स्मार्टफोनवरून ठिकाण बरेच जवळपास कळू शकते. पण साध्या फोनचा अंदाज टॉवरवरून घ्यावा लागतो. शहरात टॉवर जवळजवळ असतात. आपल्याकडे एकेक टॉवर चार-पाच गावांना पुरतो. तेव्हा टॉवरच्या भरवशावर राहू नये. माझे काय झाले ते वर सांगितलेच आहे.

आग विझवणारा बंब कोणाचा, हेही माहीत असावे. आपल्या राज्यात अग्निशमन केंद्रे मुख्यतः महानगरपालिका, नगरपालिका आणि औद्योगिक वसाहती चालवतात. पुष्कळ साखर कारखान्यांकडेही स्वतःचे बंब असतात. ग्रामपंचायतीकडे बंब असणे विरळाच. म्हणून ११२ च्या जोडीला तालुक्याच्या अग्निशमन केंद्राचा थेट क्रमांक आणि जवळच्या कारखान्याचा क्रमांक घरात लिहून ठेवावा. १०१ हा अग्निशमनाचा जुना क्रमांक. आपल्या भागातून तो लावला तर कोठे लागतो, याची चौकशी आग लागण्याआधी करून ठेवावी.

हा एक क्रमांक आला कसा?

संकटासाठी एकच सोपा क्रमांक, ही कल्पना एका आगीतूनच निघाली. लंडनमध्ये १९३५ साली विम्पोल स्ट्रीट येथील एका घराला आग लागून पाच स्त्रिया मरण पावल्या. शेजाऱ्याने अग्निशमन दलाला फोन करण्याचा प्रयत्न केला होता. पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इतर साध्या फोनांबरोबर त्याचाही फोन रांगेत थांबला. आगीचा फोन कोणता आणि नातेवाइकाची खुशाली विचारणारा कोणता, हे ओळखायला मार्गच नव्हता. त्यावर गहजब झाला, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. तो आला की एक्स्चेंजमध्ये खास सूचना होई आणि तो आधी घेतला जाई.

पुढे असे दिसले की फोन लवकर उचलून भागत नाही. उचलणाऱ्याला काय विचारायचे तेही पक्के ठाऊक हवे. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी येथे डॉ. जेफ क्लॉसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस यासाठी कार्डे तयार केली. कोणता प्रश्न आधी, कोणता नंतर, आणि गाडी पोहोचेपर्यंत फोनवरून कोणती मदत सांगायची, हे त्यांवर ओळीने लिहिलेले होते. आजारी व जखमी माणसांसाठी ही पद्धत सुरू झाली आणि पुढे आगीच्या फोनांनाही लागू झाली. ऐकणाऱ्याने घाबरायचे नाही आणि घाबरलेल्या माणसाला तेच वाक्य त्याच शांत आवाजात पुन्हा पुन्हा सांगत राहायचे, हाही त्यातलाच धडा. तेव्हा पलीकडचा माणूस शांत बोलतो म्हणून त्याला आपल्या दुःखाची पर्वा नाही असे समजू नये. औत बुजलेल्या बैलाजवळ आपण ओरडतो का? तसेच हे आहे.

एवढे प्रश्न कशाला?

"इकडे घर जळतेय आणि हे प्रश्न विचारत बसलेत," अशी तक्रार मी अनेक गावांत ऐकली आहे. मलाही तसेच वाटत असे. खरी गोष्ट अशी की ठिकाण आणि प्रकार कळला की गाडी सोडण्याचे काम सुरू होते. पुढचे प्रश्न बंब वाटेवर असताना विचारता येतात आणि त्यांची उत्तरे जवानांना कळवली जातात. म्हणून "ठेवा" असे पलीकडून म्हणेपर्यंत फोन ठेवू नये. आता एकेक प्रश्न पाहू.

पहिला प्रश्न, कोठे? बाकी सारे राहिले तरी चालेल, पण हे राहता कामा नये. फोन मध्येच तुटला आणि ठिकाण कळले असेल तर गाडी निदान येईल. काय जळते आहे ते कळले पण कोठे ते कळले नाही, तर कोणीच येणार नाही. म्हणून पहिले वाक्य ठिकाणाचे. सारख्या नावाच्या गावांची आपल्याकडे काय वाण! शिरूर म्हटले तर पुणे जिल्ह्यात शिरूर, बीड जिल्ह्यात शिरूर कासार, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंदही. वडगाव, पिंपळगाव, निमगाव तर विचारूच नका. बुद्रुक, खुर्द, वाडी, तांडा हे शेपूट आपण बोलताना गाळतो. फोनवर ते गाळू नये. उलट दोनदा सांगावे.

दुसरा प्रश्न, तुमचा नंबर काय? हा खात्रीसाठी असतो. फोन तुटला, गाडीला वाट सापडली नाही, तर त्याच नंबरवर उलट फोन येतो. म्हणून वर्दी देणाऱ्याने तो फोन दुसऱ्या कामाला वापरू नये. सरपंचांना आणि पाहुण्यांना दुसऱ्या कोणी फोन करावा. माझ्या हातून झालेली मोठी चूक ती हीच.

तिसरा प्रश्न, कोणी आत अडकले आहे का? माणूस आत असेल तर ते लगेच, स्पष्ट सांगावे. किती माणसे, कोणत्या खोलीत, म्हातारे-कोतारे की लेकरू. जनावरे बांधलेली असतील तर किती, तेही सांगावे.

चौथा प्रश्न, काय जळते आहे आणि त्याच्या शेजारी काय आहे? हा प्रश्न आपल्याला बिनकामाचा वाटतो, पण जवानांचा जीव त्यावर अवलंबून असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात फोर्ट स्टिकीन या जहाजावर आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १४०० टन स्फोटकेही होती. घातक माल आहे हे दाखवणारा तांबडा बावटा जहाजावर लावलेला नव्हता. दुपारी चार वाजून गेल्यावर जहाजाचा स्फोट झाला, थोड्या वेळाने दुसरा झाला. शेकडो लोक दगावले. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या वस्तीवर स्फोटके नसतात खरी, पण गॅसचे सिलिंडर असते, डिझेलचा कॅन असतो, कीटकनाशकांच्या बाटल्या असतात. द्राक्ष बागायतदारांकडे गंधकाची पोती असतात. गंधक पेटले तर त्याचा धूर छातीत बसतो. औषधांच्या खोलीला आग लागली असेल तर त्या धुरात आपणही जाऊ नये आणि फोनवर आवर्जून सांगावे, "शेजारच्या खोलीत फवारणीची औषधे आहेत." म्हणजे जवान तोंडावर मुखवटा लावूनच आत शिरतील.

पाचवा प्रश्न, विजेच्या तारा आहेत का? उसाला किंवा गंजीला तारेमुळे आग लागली असेल, तार तुटून पडली असेल, तर ते सांगावे आणि कोणालाही तिच्याजवळ जाऊ देऊ नये. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तेथे पाणी मारू नये. महावितरणचा तक्रार क्रमांक १९१२ आहे. आपल्या डी.पी.चे नाव आणि वायरमनचा नंबर घरात लिहिलेला असावा.

रस्ता आणि पाणी

यापुढची माहिती शहरातल्या माणसाला फारशी द्यावी लागत नाही. आपल्याला द्यावी लागते. पाण्याने भरलेला बंब दहा टनांच्या वर वजनाचा असतो. जिथून मोटारसायकल जाते तिथून तो जाईलच असे नाही. एक साधी कसोटी सांगतो. उसाचा भरलेला ट्रक ज्या पाणंदीतून निघतो, तिथून बंबही जाईल. वाटेत खचलेली मोरी असेल, ओढ्यात वाळू असेल, कमान ठेंगणी असेल, तर फोनवरच सांगावे आणि दुसरी वाट सुचवावी. दिवसा एक माणूस हातात तांबडे किंवा पांढरे फडके घेऊन डांबरी रस्त्याच्या फाट्यावर उभा करावा. रात्री त्याच्याकडे बॅटरी द्यावी. हा माणूस अनेकदा बंबातल्या चार जवानांइतका उपयोगी पडतो.

आता पाणी. नेहमीच्या बंबात साधारण साडेचार ते पाच हजार लिटर पाणी असते. एका नळीतून मिनिटाला ४०० लिटर पाणी मारले, तर साडेचार हजार लिटर अकरा-बारा मिनिटांत संपते. दोन नळ्या लावल्या तर सहा मिनिटांत. गंजीची आग आतून धुमसत असते, ती एवढ्याने विझत नाही. म्हणून ते विचारतात, "जवळ पाणी आहे का?" त्यावर आपण बेधडक सांगतो, "विहीर आहे की!"

इथे शेतकऱ्याने आपले शहाणपण वापरावे. काठावर ठेवलेला पंप किती खोलीचे पाणी ओढतो, हे आपल्याला जवानांइतकेच माहीत आहे. बंबावरचा पंपही त्याच जातीचा. वीस-बावीस फुटांच्या खाली पाणी गेले की तो ओढू शकत नाही. मे महिन्यात विहिरीचे पाणी चाळीस फुटांवर असेल, तर बंबाच्या दृष्टीने ती विहीर कोरडीच. अशा वेळी शेततळे, कालवा, बंधारा कोठे आहे ते सांगावे. विहिरीत पाणबुडी मोटार असेल तर तिचे पाणी बंबात भरता येते. पण आगीमुळे डी.पी. बंद केला की ही मोटारही बंद पडते, हे ध्यानात ठेवावे. ज्या वस्तीवर जुने डिझेल इंजिन असेल त्याने ते मोडीत काढू नये. उन्हाळ्यात चालू स्थितीत ठेवावे. फवारणीचा ट्रॅक्टरवरचा ब्लोअर आणि टाकी, गावातला पाण्याचा टँकर, हेही बंब येईपर्यंत कामाला येतात.

विहिरीतले संकट : आधी फोन, मग दोर

बंबाबरोबर येणारे जवान आगीखेरीज इतर सुटकेच्या कामालाही येतात. विहिरीत पडलेला माणूस, पुरात अडकलेले कुटुंब, कोसळलेल्या भिंतीखालचे मजूर, यांसाठीही हाच फोन करायचा. विहिरीच्या बाबतीत एक गोष्ट कळकळीने सांगतो.

एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातील वाकडी येथे एका पडीक विहिरीत मांजर पडले. विहिरीत शेण व मळी साठवलेली होती. मांजर काढायला एक उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा, असे एकामागून एक उतरत गेले. पाच माणसे दगावली. कमरेला दोर बांधून उतरलेला एकजण तेवढा वाचला.

शेण-मळी कुजत असलेल्या खड्ड्यात, बंद पडलेल्या आडात, गोबरगॅसच्या टाकीत विषारी वायू साठतात आणि प्राणवायू उरत नाही. तिथे श्वास घेताच शुद्ध हरपते. विहिरीत इंजिन उतरवून चालवले असेल तर त्याचा धूरही असाच घात करतो. पोहणारा कितीही पटाईत असला तरी त्याचा इथे उपयोग नाही. अशा फोनवर पलीकडचा माणूस पहिली गोष्ट सांगेल, "कोणीही खाली उतरू नका." आपल्याला ते निष्ठुर वाटेल. आपला माणूस खाली आणि आपण काठावर उभे! पण तसे सांगण्यामागे अशा अनेक घरांचे अनुभव आहेत. फोनवर स्पष्ट सांगावे : पाण्याची विहीर की मळीची, किती खोल, किती माणसे आत, त्यांचा आवाज येतो का. मग जवान श्वासाची नळकांडी घेऊनच येतात. तोवर वरून दोर सोडावा, हाका माराव्यात. पण उतरू नये.

विहिरीत बिबट्या किंवा दुसरे वन्य जनावर पडले असेल तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावावा आणि काठावर गर्दी करू नये.

"कोणीतरी केला असेल"

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. गावातून फोन करायला कोणी उरलेच नव्हते. नेहमीच्या फेरीला आलेल्या एस.टी.च्या चालकाला समोर गावच दिसेना, तेव्हा त्याने खबर पुढे दिली. आपण त्या गावचे नाही, आपली फेरी उरकून परत फिरावे, असे तो म्हणाला असता तर? वर्दी देणे हे ज्याला दिसले त्याचे काम असते; घर कोणाचे, शिवार कोणाचे हा प्रश्न नंतरचा.

दहा माणसे आग बघत उभी असतात आणि प्रत्येकाला वाटते की शेजाऱ्याने फोन केला असेल. म्हणून मोठ्याने विचारावे, "फोन कोणी लावला? ठिकाण नीट सांगितले का?" एकाच आगीचे दोन फोन गेले तर काही बिघडत नाही, तिकडे ते एकाच नोंदीत जोडतात. दुसऱ्या फोनमुळे पहिल्यातली चूक सुधारतेही. त्या दिवशी आजींच्या घरातल्या कोणी दुसरा फोन लावून "बुद्रुक" एवढा एक शब्द सांगितला असता, तर कालवड वाचली असती. ती माझी चूक, त्यांची नव्हे.

एक मात्र सांभाळावे. लेकरांच्या हाती फोन देऊन ११२ चा खेळ होऊ देऊ नये. चुकून लागला तर गप्पकन बंद न करता "चुकून लागला" असे सांगावे, म्हणजे त्यांना उलट फोन करत बसावे लागत नाही.

घरातली तयारी

दुपारच्या वेळी वस्तीवर बहुधा म्हातारी माणसे आणि शाळकरी मुलेच असतात. म्हणून ही माहिती घरधन्याच्या डोक्यात असून उपयोगाची नाही; ती भिंतीवर हवी. घरातल्या माउलींनी पुढाकार घ्यावा. खालील मजकूर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून, रिकाम्या जागा भरून, स्वयंपाकघराच्या दाराशी आणि गोठ्यात चिकटवावा. मुलांकडून तो दोन-चार वेळा मोठ्याने वाचून घ्यावा. फोन न लावता, नुसता सराव म्हणून.

> मी ........ जिल्हा, ........ तालुका, ........ (बुद्रुक / खुर्द / वाडी) येथून बोलतो / बोलते.
>
> आमची वस्ती ........ रस्त्यावर, ........ फाट्यापासून ........ किलोमीटर. खूण ........
>
> आग ........ ला लागली आहे. आत ........ माणसे, ........ जनावरे आहेत.
>
> जवळ गॅस / डिझेल / औषधे / विजेच्या तारा आहेत / नाहीत.
>
> उसाचा ट्रक येतो / येत नाही. पाणी ........ येथे, ........ फुटांवर आहे.
>
> माझा नंबर ........ फाट्यावर माणूस उभा आहे. तुम्ही सांगेपर्यंत मी फोन ठेवत नाही.
>
> क्रमांक : सर्व संकटांसाठी ११२. रुग्णवाहिका १०८. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. गॅसगळती १९०६. वीज १९१२. वन विभाग १९२६.
>
> तालुका अग्निशमन केंद्र ........ साखर कारखाना ........ वायरमन ........ पोलीस पाटील ........

फोन झाल्यावर बंब येईपर्यंत पलीकडून जे सांगतील ते करावे. बहुधा ते पुढीलप्रमाणे सांगतील : माणसे बाहेर काढा आणि पुन्हा आत जाऊ देऊ नका. जनावरांची दावी सोडत बसू नका, विळ्याने कापा. अंगावरचे कपडे पेटले तर धावू नका, जमिनीवर लोळा. भाजलेल्या जागी साधे स्वच्छ पाणी वीस मिनिटे सोडत राहा. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नका. कढईतले तेल पेटले तर पाणी ओतू नका, गॅस बंद करून झाकण ठेवा. गंजी वाचत नसेल तर तिच्या पाठीमागे न लागता शेजारची गंजी आणि छप्पर ओले करा.

गावासाठीही एक सूचना आहे. पुढच्या ग्रामसभेत हा विषय काढावा. फाट्यावर गावाच्या पूर्ण नावाची पाटी, वस्त्यांकडे वळणाऱ्या वाटांवर बाणाच्या पाट्या, आणि बंबाला वळता येईल एवढी मोकळी जागा, इतके झाले तरी मोठे काम होईल. पोलीस पाटील, ग्रामपंचायतीचा शिपाई आणि चार तरुण पोरे यांनी एकदा तालुक्याच्या अग्निशमन केंद्रात जाऊन यावे. आपली पाणंद, आपली शेततळी त्यांना सांगून ठेवावीत. ते आनंदाने ऐकतात. आग नसताना भेटायला येणारे त्यांना फार थोडे असतात.

त्या बुद्रुकच्या फाट्यावर आता पिवळी पाटी उभी आहे. आजींच्या नवीन गोठ्यात दारालगत कागद लावलेला आहे. मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा त्यांच्या चौथीतल्या नातवाने तो मला घडाघडा म्हणून दाखवला. जिल्हा, तालुका, गाव. आणि "बुद्रुक" हा शब्द त्याने दोनदा म्हटला. मी त्याला काही शिकवले नव्हते. आजींनी शिकवले होते.

आपणही आज रात्री जेवणे उरकल्यावर हा कागद भरून टाकावा, एवढीच विनंती.